कागदाच्या जाडीएवढी चूक

जुन्या लष्करी रायफलीवर तितकीच जुनी दुर्बीण बसवायची म्हटली की पहिली चर्चा होते ती भिंगांची. किती पट मोठं दिसतं, काच कुणाची, संधिप्रकाशात चित्र किती उजळ येतं. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण अशी रायफल नेम धरते की नाही, हे भिंगावर ठरत नाही. ते ठरतं दुर्बीण आणि रायफल यांच्यातल्या सांध्यावर: एक ब्रॅकेट, पोलादाचे दोन लहानसे टेकू आणि मोजके स्क्रू. विसाव्या शतकातल्या स्नायपर रायफलींचा इतिहास हा मुख्यतः हा सांधा पक्का करण्याच्या धडपडीचा इतिहास आहे, असं मी मानतो.

साधा हिशेब करून पाहू. समजा, दुर्बिणीला आधार देणाऱ्या दोन टेकूंमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यांतला एक टेकू ०.१ मिलिमीटरने वर राहिला. वहीच्या साध्या कागदाची जाडी साधारण एवढीच असते. हा फरक हजारास एक या प्रमाणात पडतो. म्हणजे १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकेल आणि ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर. दुर्बिणीच्या चकत्या फिरवून ही चूक काढता येते, पण एका अटीवर: फट आज जेवढी आहे तेवढीच उद्याही राहिली पाहिजे. ती गोळीगणिक बदलू लागली, तर जगातली सर्वोत्तम काचही कामाची नाही.

ती बदलायला कारण प्रत्येक गोळीबरोबर येतं. दुसऱ्या महायुद्धातली .३०३ ची गोळी सुमारे ११ ग्रॅमची होती आणि नळीतून सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने निघे. तेवढ्याच क्षणात रायफल मागे उसळते. वर बसलेली, ब्रॅकेटसह सुमारे एक किलोची दुर्बीण मात्र जडत्वामुळे जागेवरच राहू पाहते. तिला मागे खेचून नेण्याचं काम सांध्यातल्या स्क्रूंना करावं लागतं. शंभर, दोनशे, पाचशे गोळ्यांनंतर कुठल्या तरी स्क्रूचे आटे धुपतात, टेकू केसभर हलतो आणि नेमबाजाला कळत नाही की चूक आपल्या हाताची की रायफलीची.

वरून भरायची रायफल

पायदळाच्या जुन्या बोल्ट रायफली दुर्बिणीसाठी बनवलेल्याच नव्हत्या. शिपायाने नळीवरची माशी आणि मागची साइट एका रेषेत आणायची, अशी त्यांची रचना. पाच काडतुसांची क्लिप वरून खाचेत बसवायची आणि अंगठ्याने दाबून काडतुसं मॅगझिनमध्ये उतरवायची. म्हणजे दुर्बिणीची स्वाभाविक जागा, नळीच्या बरोबर वरची, ती क्लिपसाठी मोकळी लागे. त्यात बोल्टचा दांडा वर उचलला की तोही त्याच बाजूला येणार. दुर्बीण वर ठेवली तर क्लिप अडते, बाजूला ठेवली तर नेमाचं गणित बिघडतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या ली-एन्फिल्डवर दुसरा मार्ग पत्करला. पेरिस्कोपिक प्रिझम कंपनी आणि ऑल्डिस यांच्या दुर्बिणी रायफलीच्या डाव्या बाजूला सरकवून बसवल्या, म्हणजे क्लिप भरणं चालू राहील. पण दुर्बीण नळीपासून बाजूला असली की दृष्टीची रेषा आणि गोळीची वाट आडव्या दिशेने एकाच अंतरावर मिळतात. त्याच्या अलीकडे गोळी एका बाजूला, पलीकडे दुसऱ्या बाजूला. शिवाय खंदकात शिपाई पोलादी पत्र्याच्या अरुंद भोकातून नेम धरत असे. नळी भोकातून बाहेर आणि बाजूची दुर्बीण पत्र्यावर रोखलेली, अशी पंचाईत तिथे होई.

हेस्केथ-प्रिचर्ड हा ब्रिटिश शिकारी आणि क्रिकेटपटू. आघाडीवर गेल्यावर त्याला आढळलं की खंदकात पोचलेल्या कितीतरी दुर्बिणी नळीशी जुळवलेल्याच नाहीत आणि ज्यांच्या हाती त्या दिल्या त्यांना त्या कशा वापरायच्या हेच कुणी शिकवलेलं नाही. त्याने फ्रान्समध्ये स्नायपरांची शाळा उभी केली आणि युद्धानंतर, १९२० मध्ये, या अनुभवांवर पुस्तक लिहिलं. बाजूला सरकवलेल्या दुर्बिणीवर त्याचा राग होता, आणि तो रास्त होता. युद्ध संपता संपता, १९१८ मध्ये, ब्रिटिशांनी पॅटर्न १४ रायफलीवर दुर्बीण मधोमध, नळीच्या वर बसवली. वेगाने भरण्यापेक्षा नेमका नेम महत्त्वाचा, हे मान्य व्हायला चार वर्षं आणि असंख्य माणसं खर्ची पडली.

चार देश, चार तोडगे

दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक देशाने या सांध्याचं कोडं आपापल्या परीने सोडवलं.

अमेरिकेत बिल वीव्हर या तरुणाने १९३० मध्ये एक स्वस्त दुर्बीण बाजारात आणली होती. मंदीच्या दिवसांत साध्या शिकाऱ्याला परवडावी म्हणून किंमत १९ डॉलर आणि नळी अवघी पाऊण इंच जाडीची. सैन्याला घाईने स्नायपर रायफल हवी झाली तेव्हा हीच दुर्बीण स्प्रिंगफील्ड या बोल्ट रायफलीवर चढली आणि एम १९०३ ए ४ ही रायफल तयार झाली. रेडफील्डचा एकसंध माउंट वरच्या भागावर बसवला, त्यामुळे क्लिप भरणं बंद झालं आणि काडतुसं एकेक करून घालावी लागू लागली. नळीवर माशीसुद्धा ठेवली नाही. दुर्बीण फुटली की शिपायाकडे नेमाचं दुसरं साधन उरत नसे.

अमेरिकी मरीन दलाने वेगळीच वाट धरली. त्यांच्या स्प्रिंगफील्डवर जॉन अनर्टल यांच्या कारखान्यातली लांबलचक, आठपट दाखवणारी दुर्बीण होती. तिचा माउंट दुर्बिणीला घट्ट आवळून धरतच नसे. गोळी सुटली की दुर्बीण आपल्या कड्यांतून पुढे सरके आणि नेमबाज हाताने तिला मागे ओढून जागेवर आणे. जो धक्का स्क्रूंनी सोसायचा, तो त्यांच्यापर्यंत पोचूच दिला नाही. काच आणि सांधा दोन्ही वाचले. पण दर गोळीला एक हालचाल वाढली, शिवाय सरकत्या भागात रेती आणि चिखल शिरण्याची भीती कायमची.

रशियाने आपल्या मोसिन-नागां रायफलीवर साडेतीन पट दाखवणारी पीयू दुर्बीण १९४२ पासून बसवली. ही दुर्बीण मुळात टोकारेव्हच्या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी घडवलेली. मोसिनच्या डाव्या कुशीवर पोलादी पट्टी आणि तिच्यावर कोचेटोव्हने आखलेला माउंट. त्याच्या पुढच्या टोकाला गोल मुंडी, मागच्या टोकाला वरखाली दाबणारे दोन स्क्रू. म्हणजे दुर्बिणीच्या आतल्या चकत्यांना हात न लावता आधी माउंटच वरखाली करून जुळवता येई. मोसिनचा बोल्टचा दांडा सरळ होता आणि उचलला की दुर्बिणीवर आदळे, म्हणून तो लांब करून खाली वाकवला. ओबडधोबड वाटावी अशी ही रचना, पण युद्धात लाखांनी बनवता येईल आणि कुठल्याही कारागिराला कळेल अशी.

जर्मनीकडे काचेची कला सर्वांत पुढची होती, तरी सांध्याने त्यांनाही छळलं. माउझर ९८के च्या बाजूला लहान पट्टी स्क्रूंनी बसवण्याची एक पद्धत होती. ती धक्क्यांनी ढिली होऊ लागली, तेव्हा पुढे जादा कुलूप-स्क्रू आणि निमुळत्या खिळी ठोकून तिला जखडावं लागलं. जगातले उत्तम दुर्बीणकार हाताशी असूनही साध्या स्क्रूपुढे त्यांना वाकावं लागलं.

हॉलंड अँड हॉलंडच्या टेबलावर

मला या सगळ्यांत सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती ब्रिटिशांची नंबर ४ मार्क १ (टी). ली-एन्फिल्ड घराण्याची ही रायफल. आपल्याकडे याच घराण्याची ‘थ्री नॉट थ्री’ पोलिसांच्या खांद्यावर कित्येक पिढ्यांनी पाहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवरही पोलिसांच्या हातात हीच जुनी .३०३ होती. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीत लढले तेही .३०३ घेऊनच.

दुर्बिणीची निवड मात्र योगायोगाची होती. नंबर ३२ ही दुर्बीण मुळात ब्रेन या हलक्या मशिनगनसाठी आखलेली. तीन पट दाखवणारी, जाड, वजनदार, आदळआपट सोसणारी. ती रायफलीवर आणायचं ठरलं आणि १९४२ पासून ते काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे गेलं. राजेरजवाड्यांसाठी शिकारीच्या बंदुका हाताने घडवणारी ही कंपनी. भारतातल्या कितीतरी संस्थानिकांच्या शस्त्रागारात तिच्या बंदुका होत्या. युद्धाच्या काळात तिच्या कारागिरांनी वीस हजारांहून अधिक लष्करी रायफली स्नायपर रायफली करून दिल्या.

कारखान्यात चाचणीत चांगला नेम देणाऱ्या रायफली आधी बाजूला काढल्या जात. पुढचं काम कानस आणि नजर यांचं. रायफलीच्या डाव्या कुशीवर पोलादाचे दोन टेकू बसत, एक पुढे, एक मागे. पुढचा टेकू स्क्रूंनी आवळून शिवाय सोल्डरने चिकटवलेला. या टेकूंवर ओतीव लोखंडाचं ब्रॅकेट येई आणि हाताने पिळता येतील अशा दोन मोठ्या गोल स्क्रूंनी ते घट्ट होई. ब्रॅकेटचे पाय टेकूवर पूर्ण टेकले पाहिजेत. एक कोपरा जरी अधांतरी राहिला तरी स्क्रू आवळताना ब्रॅकेट वाकणार आणि त्याबरोबर दुर्बीणही. म्हणून एका पृष्ठभागाला निळा रंग लावून दोन्ही एकमेकांवर टेकवायचे, रंग कुठे उमटला ते बघायचं आणि उंच राहिलेली जागा खरवडायची, ही फिटरांची जुनी रीत अशा कामाचा आत्मा आहे. टर्नर-फिटरच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

मग उरलेल्या गोष्टी. मागच्या साइटवरची जवळच्या माऱ्याची झापड दुर्बिणीला लागे, ती कापून टाकली. दुर्बीण उंच बसल्याने शिपायाचा गाल दस्त्याला टेकेना, म्हणून दस्त्यावर लाकडाचा गालटेकू स्क्रूने बसवला. गाल दरवेळी त्याच जागी टेकला की डोळाही त्याच जागी येतो, त्यामुळे हा लाकडी तुकडा सांध्याइतकाच महत्त्वाचा.

या सगळ्या कामावर शेवटचं शिक्कामोर्तब आकड्यांनी होई. रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर कोरला जाई आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्याच्या मानेवर. त्या क्षणापासून ती दोघं एक जोडी. या दुर्बिणीचं ब्रॅकेट या रायफलीच्या टेकूंवरच घासून जुळवलेलं आहे, दुसऱ्या कुठल्याही रायफलीवर ती बसेल, पण नेम धरेलच याची हमी नाही, असा त्या आकड्यांचा अर्थ. रायफल लाकडी पेटीत, दुर्बीण पत्र्याच्या डब्यात, आणि दोन्हींचा प्रवास एकत्र.

हे काम किती टिकाऊ होतं याचा पुरावा पुढच्या काळात मिळतो. १९७० च्या सुमारास ब्रिटिशांनी याच रायफलींतल्या काहींना ७.६२ मिलिमीटरची नवी जाड नळी बसवली आणि त्यांना एल ४२ ए १ नाव दिलं. दुर्बीणही जुनी नंबर ३२ च, नव्या गोळीसाठी चकत्या बदललेली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ही रायफल लढली. लंडनच्या कारागिरांनी चार दशकांपूर्वी बसवलेल्या टेकूंवरच दुर्बीण अजून उभी होती.

एकवीस डॉलर पंचेचाळीस सेंट

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते साऱ्या जगाला माहीत आहे. महायुद्धानंतर युरोपातल्या शस्त्रागारांत पडून राहिलेल्या लाखो रायफली अमेरिकेच्या बाजारात आल्या. टपालाने मागवल्या की घरपोच मिळत. १९६३ च्या मार्चमध्ये शिकागोतल्या एका दुकानातून ली हार्वे ओसवॉल्डने खोट्या नावाने अशीच एक इटालियन कार्कानो मागवली. चारपट दाखवणारी जपानी दुर्बीण बसवून किंमत १९.९५ डॉलर, टपालखर्च धरून २१.४५. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि रायफल तपासाच्या टेबलावर आली.

तज्ज्ञांनी ती चालवून पाहिली तेव्हा नेम वर आणि उजवीकडे जात होता. सैन्याच्या प्रयोगशाळेला अचूक चाचणी घेण्याआधी माउंटखाली पातळ पत्र्याच्या शिमा घालाव्या लागल्या. दुर्बीण डावीकडे सरकवून बसवलेली, कारण कार्कानोचीही काडतुसांची क्लिप वरूनच जाते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी सोसलेली अडचण अर्ध्या शतकानंतर जशीच्या तशी इथे उभी. हा दोष आधीचा की तपासातल्या हाताळणीत आलेला, यावर वाद झडत राहिले. त्या वादातून बाहेर काढून घेण्यासारखी गोष्ट एकच: लष्करी रायफलीवर दोन स्क्रूंनी चिकटवलेली स्वस्त दुर्बीण किती बेभरवशाची असते, हे अमेरिकेच्या अधिकृत चौकशीच्या कागदांत नोंदलेलं आहे. टपालाने शस्त्र विकण्याचा तो बाजार १९६८ च्या कायद्याने बंद झाला.

जुळवणीची उलटी वाट

आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत परवानाधारक संग्राहक आणि नेमबाजी मंडळं या रायफली पुन्हा उभ्या करतात. त्यांच्यासमोरचं काम कारखान्याच्या उलट आहे. कारखान्याने जोडी बांधली, काळाने ती तोडली आणि आता तिचे तुकडे शोधायचे. नंबर ३२ दुर्बिणी रायफलींपासून वेगळ्या विकल्या गेल्या. रशियात युद्धानंतर असंख्य स्नायपर मोसिनची दुर्बीण काढून टाकली, कुशीतली भोकं बुजवून वेल्डिंग केलं आणि रायफल साध्या शिपायाच्या हाती दिली. अशी रायफल ओळखायची तर डाव्या कुशीवरचे बुजवलेले गोल डाग आणि खोडलेला दुर्बिणीचा क्रमांक शोधावा लागतो.

दुर्बिणीची तब्येतही तपासावी लागते. जुन्या दुर्बिणींत भिंगं एकमेकांना कॅनडा बाल्समने चिकटवलेली असत. फर जातीच्या झाडाचा हा पारदर्शक चीक दशकांनंतर पिवळा पडतो, काठाने सुटतो आणि चित्रात धुकं येतं. दमट हवेत काचेवर बुरशीचे धागे पसरतात. आतली हवा बंदिस्त नसल्याने थंडीत आतून वाफ धरते.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. या दुर्बिणींत चकती फिरवली की नेमाची फुलीच आत सरकते आणि चित्राच्या मधोमध न राहता कडेला जाते. नव्या दुर्बिणींत ती नेहमी मध्ये दिसते, म्हणून जुनी दुर्बीण बिघडली असं वाटतं. ती बिघडलेली नसते. फुली फार कडेला गेली असेल तर माउंट वाकडा बसला आहे, एवढं ती सांगत असते. उपाय चकतीत नाही, सांध्यात आहे. रायफल रिकामी करून बोल्ट काढायचा, ती पक्क्या आधारावर ठेवायची, मागून नळीतून दूरची एखादी ठळक खूण मधोमध धरायची आणि रायफल न हलवता दुर्बिणीतून पाहायचं. फुली तिच्या जवळपास आली पाहिजे, आणि तीही चकत्या मध्यावर असताना. नसेल तर माउंट जुळवायचा, गरज पडल्यास पातळ शिम घालायची. चकत्या शेवटच्या बारीक दुरुस्तीसाठी राखून ठेवायच्या.

सर्वांत मोठी चूक मात्र ड्रिल मशिनने होते. अस्सल, हात न लावलेल्या रायफलीला भोकं पाडून नवे टेकू बसवले की ती स्नायपर रायफल होत नाही आणि साधी लष्करी रायफलही राहत नाही. त्यात एन्फिल्डच्या स्क्रूंचे आटे त्या कारखान्याचे स्वतःचे. बाजारात मिळाला तो स्क्रू जबरदस्तीने पिळला तर ऐंशी वर्षं टिकलेले आटे एका मिनिटात खलास होतात. ज्याला जुनी रायफल दुर्बिणीसह चालवायचीच आहे, त्याच्यासाठी मागच्या साइटच्या खिळीसारख्या आधीच असलेल्या जागा वापरून बसणारे माउंट मिळतात. ते काढले की रायफल पुन्हा होती तशी. ज्या रायफलीला पूर्वीच कुणी भोकं पाडली आहेत, तिच्यावर हवी तितकी कारागिरी करावी. आणि ज्या रायफलीवर ‘टी’चा शिक्का, टेकूंवर तपासनिसाची खूण आणि दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक आहे, तिची दुर्बीण शोधण्यात वर्षं गेली तरी चालतील. या खुणा बनावटही ठोकल्या जातात, म्हणून एका खुणेवर भरवसा ठेवू नये. सगळ्या एकमेकींशी जुळतात का ते पाहावं.

भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे सामान्य माणसाच्या वाट्याला ही कारागिरी येत नाही. ईशापूरच्या कारखान्याने ली-एन्फिल्डच्याच बोल्टवर नागरिकांसाठी .३१५ ची रायफल केली, ती या कारणाने. पण आपल्या पोलीस ठाण्यांतून आणि लष्करी भांडारांतून .३०३ आता निरोप घेत आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या जानेवारीत तिला रीतसर निवृत्त केलं. भंगारात जाण्याआधी यांतल्या काही रायफली संग्रहालयांत पोचाव्यात. तिथे त्या ठेवताना क्रमांक टिपून ठेवावेत, सुटे भाग अदलाबदल करू नयेत आणि एखाद्या रायफलीच्या कुशीवर टेकू किंवा टेकूंची भोकं दिसली तर तिला वेगळं काढावं. दुर्बीण हरवली असली तरी तो टेकू, त्यावरचा कानशीचा ओरखडा आणि दस्त्यावरचा आकडा मिळून सांगू शकतात की ही रायफल कुणाच्या हातून, कशासाठी आणि किती काळजीने जुळवली गेली. रंग देऊन, पॉलिश मारून ते पुसलं गेलं तर पुन्हा कुठूनही मिळवता येणार नाही.